गिरणगाव

गिरणगाव : मुंबई शहराच्या मध्यभागातील कापडगिरण्या व गिरणी कामगारांच्या चाळी यांनी घडविलेला परिसर. लालबाग, परळ, लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, काळाचौकी, शिवडी, नायगाव, प्रभादेवी व वरळी हे त्याचे प्रमुख भाग होत. ‘गिरणगाव’ हे नाव महसुली वा महापालिकेच्या दप्तरातील नसून लोकव्यवहारातून रूढ झालेले आहे. त्यामुळे त्याच्या सीमा निश्चित नाहीत. स्थूलमानाने उत्तरेस दादर, दक्षिणेस भायखळा, पूर्वेस शिवडीची बंदरपट्टी व पश्चिमेस वरळीचा किनारा यांमधील प्रदेश या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुख्यत्वे कोकणातून व घाटावरून आलेल्या स्थलांतरितांनी हा परिसर वसविला. १९८२ च्या संपानंतर येथील गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर कार्यालये, बाजारसंकुले व उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या.

श्रमिकांच्या वस्तीत सधन वर्गाचा प्रवेश होऊन जमिनीचे मोल, व्यवसाय, राहणीमान आणि अखेरीस रहिवासी बदलत जाण्याच्या प्रक्रियेस अभिजनीकरण असे म्हणता येईल. या प्रक्रियेसाठी इंग्रजीत रूढ असलेली संज्ञा रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ मध्ये लंडनमधील जुन्या कामगारवस्त्यांचे वर्णन करताना प्रथम वापरली. तेथे मध्यमवर्गीयांनी कामगारांची घरे एकेक करून घेतली व त्यांची डागडुजी केली. गिरणगावात बदलाचा क्रम निराळा होता. येथे प्रथम पालटली ती कामाची जागा. राहत्या घरापर्यंत बदल पोहोचला तो त्यानंतर आणि तोही अपुऱ्या प्रमाणात. हा फरक का पडला हे समजण्यासाठी या परिसराची जडणघडण पाहणे आवश्यक आहे.

गिरण्यांची उभारणी : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, ती मुंबईतील पहिली कापडगिरणी होय. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग सुरू झाला होता व पुढील काही वर्षांत तो घाट ओलांडून कापूस पिकविणाऱ्या मुलखापर्यंत गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडला जाणाऱ्या अमेरिकन कापसाचा ओघ आटला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापसाच्या निर्यातीत अमाप पैसा मिळविला. युद्ध संपताच १८६५ मध्ये सट्टाबाजार कोसळला. तथापि टिकून राहिलेले भांडवल पुढे गिरण्यांकडे वळले.

दक्षिणेकडील किल्ल्याचा भाग व्यापाराने आणि त्यालगतची गावठाणे दाट वस्तीने व्यापलेली असल्याने नव्या गिरण्यांना उत्तरेकडील मोकळ्या जमिनी सोयीच्या ठरल्या. भातशेती, मिठागरे, नारळीच्या वाड्या व भरतीचे पाणी शिरणारे सखल पट्टे असे या भागाचे मूळ स्वरूप होते. परळ येथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. १८८० नंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंट येथे हलला आणि १८९९ मध्ये परळच्या त्या वास्तूत हाफकिन यांची प्लेगविषयक प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था होय. गव्हर्नरांच्या निवासाचे परळ दोन पिढ्यांत धुराड्यांचे परळ झाले. या परिसराचा सामाजिक दर्जा एकदा उतरला व शतकानंतर पुन्हा चढला. दोन्ही वेळा त्यामागे जमिनीच्या उपयोगातील बदल होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गिरण्यांची संख्या ८० च्या आसपास होती व त्यांपैकी बहुसंख्य गिरण्या याच पट्ट्यात होत्या.

स्थलांतर : कामगारांचा सर्वांत मोठा ओघ कोकणातून आला. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात (त्यात आजचा सिंधुदुर्ग जिल्हा समाविष्ट होता) जन्मलेले होते. त्याखालोखाल सातारा, पुणे, अहमदनगर, कुलाबा इ. जिल्ह्यांतील लोक होते. उत्तर भारतातून आलेले मुस्लिम विणकर मदनपुऱ्यात, तर तेलुगू भाषक पद्मशाली विणकर वरळी–प्रभादेवीच्या बाजूस स्थिरावले. कोकणातील खोती पद्धती, लहान व उतारावरील जमिनी आणि पावसाळ्यानंतर कामाचा अभाव ही तेथील स्थलांतराची मुख्य कारणे होत. घाटावरील जिल्ह्यांतून १८७६–७८ च्या दुष्काळात अनेक कुटुंबे मुंबईत आली.

कोकणातून येण्याचा मार्ग दीर्घकाळ जलमार्ग होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण या बंदरांतून आगबोटी मुंबईस येत. कुलाबा जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पासून रायगड जिल्हा) पेण, अलिबाग व रोहे या तालुक्यांतील लोकांना रेवस व धरमतर येथून होणारी जलवाहतूक जवळची होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळात बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांत सुटीसाठी गावी निघालेले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. ‘चाकरमानी’ या शब्दातच या स्थलांतराचे स्वरूप व्यक्त होते. माणूस चाकरीपुरता मुंबईचा असे. घर, शेत, कुलदैवत आणि बहुधा पत्नी व मुले गावी असत. शिमगा, गणेशोत्सव व भातलावणी यांसाठी तो गावी परते आणि दरमहा मनिऑर्डर पाठवी. गिरणीमालकांच्या दृष्टीने हे सोयीचे होते. कामगाराचे बालपण, आजारपण व म्हातारपण यांचा भार गावाने उचलल्यामुळे मजुरीचा दर कमी ठेवणे शक्य होई.

भरती जॉबर किंवा मुकादमामार्फत होई. तो बहुधा आपल्या गावचे वा जातीचे लोक आणी, त्यांना खोली मिळवून देई, कर्ज देई व त्याबद्दल दस्तुरी घेई. ज्याला कायम काम नसे तो ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. जातिभेद गिरणीच्या आतही शिरला होता. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या या सबबीवर दलित कामगारांना त्या अधिक मिळकतीच्या खात्यात घेत नसत व त्यांची वाटणी सूतकताईच्या त्रासन खात्यात होई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. परळ येथील सुधार समितीच्या चाळीत ते स्वतः १९१२ पासून १९३४ पर्यंत राहत होते.

चाळी व सामाजिक जीवन : आरंभीच्या चाळी खाजगी जमीनमालकांनी व काही गिरण्यांनी बांधल्या. लांब सज्जा, त्यावर ओळीने एकेक खोली, मजल्याच्या टोकास सामाईक नळ व शौचकूप अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार समिती स्थापन झाली. तिने रस्ते रुंद केले व काही चाळी बांधल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आता ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे २०७ काँक्रीटच्या चाळी उभारल्या. त्या विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘बीडीडी चाळी’ हे नाव पडले. त्यांपैकी १२१ चाळी एकट्या वरळीत होत्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या व प्रत्येक खोली सु. १६० चौ. फुटांची होती. अंधार, कोंदटपणा व परवडणार नाही असे भाडे यांमुळे प्रारंभी अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या.

एका खोलीत दहा–पंधरा पुरुष राहणे सामान्य होते. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच जागेवर दिवसा एक व रात्री दुसरा झोपे. एका गावच्या मंडळींनी वर्गणी काढून घेतलेल्या अशा खोल्यांना ‘गावकीची खोली’ म्हणत. तेथे नव्याने आलेल्यास आसरा मिळे, गावच्या देवळासाठी वा शाळेसाठी वर्गणी जमे आणि भांडणांचा निवाडाही होई. कोकणातील अनेक गावांच्या ‘मुंबई मंडळां’चा उगम या खोल्यांत आहे.

एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायका करीत. राहत्या खोलीतच चूल मांडून त्या पंधरा–वीस ‘मेंबरां’ना महिन्याच्या हिशोबाने जेवू घालीत. गिरणीचा पगार होईपर्यंत वाणसामान उधारीवर आणावे लागत असल्याने त्या सावकाराच्या कर्जात असत. या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. स्वतः गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची संख्याही एकेकाळी मोठी होती; रात्रपाळीवरील बंदी, १९२९ चा प्रसूति-लाभ कायदा व यंत्रांची पुनर्रचना ही कारणे पुढे करून मालकांनी ती उत्तरोत्तर घटविली.

भजनी मंडळे, आखाडे, व्यायामशाळा, वाचनालये, नमन–खेळे, जाखडी आणि दशावतार यांनी कामगारांचा फावला वेळ भरलेला असे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने येथे रात्रशाळा व ग्रंथालये चालविली. परळचे दामोदर नाट्यगृह हे कामगार रंगभूमीचे दीर्घकाळ केंद्र होते. चिंचपोकळी (१९२०), लालबागची गणेश गल्ली (१९२८) व लालबाग बाजार (१९३४) येथील सार्वजनिक गणेशोत्सव याच वस्तीतून उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लोकनाट्य व पोवाडा कामगारांच्या सभांपर्यंत नेला. गिरणगावातील एका कामगार दांपत्याने वाढविलेले नारायण सुर्वे यांच्या कवितेतून आणि पुढे जयंत पवार यांच्या अधांतर (१९९७) या नाटकातून हा परिसर मराठी साहित्यात आला.

कामगार चळवळ : नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. रविवारची साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मिळाली, हे तिच्या प्रयत्नांचे ठळक फळ होय. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ मध्ये श्री. अ. डांगे प्रभृतींनी गिरणी कामगार युनियनची स्थापना केली. त्याच वर्षीचा संप सु. सहा महिने चालला व त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार सहभागी होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी येथे विदेशी कापडाची मोटार अडविताना हुतात्मा झालेले बाबू गेनू हे गिरणी कामगारच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव अग्रभागी होते व हुतात्म्यांत येथील कामगारांचा समावेश होता.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेस वाटाघाटीचा अधिकार मिळाला व तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. मोठ्या संख्येने कामगार ज्या संघटनेच्या मागे आहेत तिला करार करता येत नाही आणि जिला करार करता येतो तिच्यावर कामगारांचा भरवसा नाही, अशी विसंगती त्यामुळे निर्माण झाली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर साम्यवादी व शिवसेना यांच्यात या वस्तीच्या नेतृत्वासाठी तीव्र संघर्ष झाला. ५ जून १९७० रोजी परळचे साम्यवादी आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले.

१९८२ चा संप : बोनस व वेतनवाढ या मागण्यांसाठी आणि वर निर्देशिलेल्या कायद्याच्या विरोधात डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सु. अडीच लाख कामगार त्यात उतरले. सरकार व मालक दोघांनीही माघार घेतली नाही. संप विधिवत मागे घेतला गेला नाही. दीड वर्षाच्या सुमारास तो विरत गेला. कामगार गावाकडे परतले, भाजी वा मासळी विकू लागले किंवा सुरक्षारक्षक झाले. बायका घरकामास जाऊ लागल्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे कापडाचे उत्पादन सरकण्याची क्रिया संपापूर्वीच सुरू झालेली होती. संपाने तिला वेग दिला. जुनी यंत्रे बदलण्यात मालकांनी दीर्घकाळ पैसा घातला नव्हता. अशा स्थितीत कापड विणण्यापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरली.

जमिनीचा प्रश्न : मुंबईत ५८ गिरण्यांच्या ताब्यात सु. ६०० एकर जमीन होती. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ मध्ये झाला व संपानंतर १९८३ मध्ये आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र शासनाने घेतले. अशा रीतीने मुंबईतील २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या व उरलेल्या खाजगी मालकांकडे राहिल्या. औद्योगिक वापराच्या या जमिनीचे काय व्हावे, हा प्रश्न १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने सोडविण्याचा प्रयत्न झाला. गिरणीची जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेस उद्याने व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडास परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकास, असे त्याचे तत्त्व होते. १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून मोकळ्या जागा, रस्ते व घरे यांची सलग आखणी करावी, असा तिचा रोख होता. तिच्या शिफारशींची अंमलबजावणी झाली नाही.

२००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती करण्यात आली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करावी, असा तिचा अर्थ होता. गिरणीच्या आवाराचा बहुतेक भाग शेड व गोदामे यांनी व्यापलेला असल्याने सार्वजनिक वाट्यास येणारी जमीन अत्यल्प झाली. या दुरुस्तीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निर्णय दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान २००५ मध्ये महामंडळाने आपल्या काही गिरण्या लिलावाने विकल्या. त्यांपैकी लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सु. १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांस गेली. २०१२ मध्ये तीच जमीन २,७२७ कोटी रुपयांस पुन्हा विकली गेली. सात वर्षांतील या वाढीचा कोणताही अंश तेथे काम केलेल्या कामगारांकडे गेला नाही. जमिनीच्या व्यवहारांत गुन्हेगारी टोळ्याही शिरल्या होत्या. १९९४ मध्ये खटाव गिरणीचे प्रमुख सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली, तर १९९७ मध्ये दत्ता सामंत मारेकऱ्यांच्या गोळ्यांस बळी पडले.

वस्तीचे रूपांतर : १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारसंकुल सुरू झाले; ते या बदलाचे पहिले ठळक चिन्ह होय. त्यानंतर कमला, रघुवंशी, टोडी, मथुरादास इ. गिरण्यांच्या आवारांत कार्यालये, उपाहारगृहे व चित्रवाणी कंपन्या आल्या. श्रीनिवास गिरणीच्या जागेवर सु. २८० मी. उंचीची निवासी इमारत उभी राहिली. गिरण्यांची नावे आवारांना चिकटून राहिली व क्वचित धुराडेही शोभेसाठी राखले गेले. उलट वस्तीचे नाव मात्र नव्या रहिवाशांना अडचणीचे वाटू लागले. जागांच्या जाहिरातींत लोअर परळचा उल्लेख ‘अपर वरळी’ असा होऊ लागला.

रस्ते, रेल्वेस्थानके व पादचारी पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. पूर्वीचा कामगार चालत गिरणीत जाई. नवा कर्मचारी उपनगरांतून गाडीने येतो. कोरिया समितीने सुचविलेल्या सलग आखणीच्या अभावाची किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजावी लागली. त्या दिवशी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मरण पावले. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१७ रोजी, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला.

इतके होऊनही मूळ रहिवासी एकदम हलले नाहीत. याचे कारण भाडे नियंत्रणाच्या कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने खोल्यांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली व भाडेकरूस हुसकावून लावणे कठीण केले. भाडे नाममात्र असल्याने मालकांनी दुरुस्ती सोडली व चाळी जीर्ण झाल्या. तथापि नोकरी गेलेल्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकले ते याच कायद्यामुळे. कामगार या नात्याने त्या माणसाला जे संरक्षण लाभले नाही, ते भाडेकरू या नात्याने लाभले. गिरणी गेली आणि खोली राहिली, या स्थितीतून आजच्या गिरणगावातील विषम शेजार निर्माण झाला आहे.

पुढील टप्पा चाळींच्या पुनर्विकासाचा आहे. विकासक भाडेकरूस त्याच जागी विनामूल्य सदनिका देतो व त्या बदल्यात मिळणाऱ्या वाढीव बांधकामाची विक्री करतो. १९९१ च्या नियमावलीत अशा सदनिकेचे किमान क्षेत्र २२५ चौ. फुट होते, पुढे ते वाढविण्यात आले. स्वतःचे शौचालय, उद्वाहन व पाण्याची सोय यांमुळे या इमारतींचे स्वागत झाले. परंतु देखभालीचा खर्च दरमहा भरणे, सज्जा नाहीसा झाल्याने शेजार तुटणे, तसेच संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षे अडकून पडणे या अडचणीही पुढे आल्या. मिळालेली सदनिका विकून बदलापूर, विरार वा पनवेलकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत विस्थापन सक्तीने झाले नसले, तरी परिणाम तोच होतो. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला असून त्यात रहिवाशांना ५०० चौ. फुटांच्या सदनिका देण्याची तरतूद आहे. वरळी येथील पहिल्या ५५६ सदनिकांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले.

कामगारांची घरे : १९८९ च्या सुमारास स्थापन झालेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, दत्ता इस्वलकर (मृत्यू २०२१) यांच्या नेतृत्वाखाली, प्रथम थकीत देणी व नंतर गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरे ही मागणी लावून धरली. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर बांधलेल्या ६,९२५ घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. पुढील सोडती २०१६ व २०२० मध्ये झाल्या. घरांसाठी अर्ज केलेले कामगार व वारस सु. पावणेदोन लाख होते. मागणी व पुरवठा यांतील हे अंतर २००१ च्या दुरुस्तीचा थेट परिणाम होय.

मुंबईत जमीन न उरल्याने शासनाने शहराबाहेरील घरांचा मार्ग धरला. २०१६ मध्ये पनवेलजवळील कोन येथील सु. २,४०० घरांची सोडत काढण्यात आली. करोना साथीच्या काळात त्या इमारती अलगीकरणासाठी वापरल्या गेल्याने व नंतरच्या दुरुस्तीमुळे ताबा लांबला. शेलू (ता. कर्जत) व वांगणी (जि. ठाणे) येथील घरांच्या योजनेस कामगार संघटनांनी विरोध केला, आपल्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शहरातच घर मिळावे, अशी त्यांची भूमिका आहे. कोन व शेलू ही दोन्ही ठिकाणे रायगड जिल्ह्यात आहेत. ज्या जिल्ह्यातून चाकरमानी निघाले त्याच जिल्ह्यात त्यांच्या वारसांची वसाहत व्हावी, असा हा उलट प्रवास आहे.

गावांवरील परिणाम : संपानंतर मनिऑर्डरींचा ओघ आटल्याने कोकणातील घरांची अर्थव्यवस्थाही ढासळली. दिवा–पनवेल–रोहे लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आला व १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तोवर चाकरमान्यांच्या मूळ रोजगाराचा पाया खचला होता. त्याच सुमारास मुंबई बेटावरून उद्योग हटत असताना खाडीपलीकडे नवे उद्योग येत होते. पेण तालुक्यात धरमतर खाडीलगत असलेल्या डोलवी येथे १९९० नंतरच्या दशकात पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि २०१० मध्ये त्याची मालकी बदलून विस्तार झाला. एकेकाळी चाकरमान्यांची वाहतूक करणाऱ्या खाडीतून आता खनिज व कोळशाचे तराफे जातात. मात्र गिरण्यांनी लाखो अकुशल हातांना काम दिले होते. आधुनिक पोलाद कारखान्याला तुलनेने थोडे व प्रशिक्षित हात पुरतात. त्यामुळे एका उद्योगाची जागा दुसऱ्याने भरून निघाली, असे म्हणता येत नाही. गावाशी असलेला धागा मात्र टिकून आहे. पेणच्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ती मुंबईस जातात आणि गणेशोत्सवात मुंबईकर कोकणात परततात.

मूल्यमापन : पोलंडमधील वूच या शहरातही जुनी कापडगिरणी २००६ मध्ये बाजारसंकुलात रूपांतरित झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांत सदनिका व संग्रहालये आली. उद्योग ओसरल्यावर त्याच्या वास्तूंचा नवा वापर होणे हे जगभर घडलेले आहे. गिरणगावाचे वेगळेपण जमिनीच्या विभागणीच्या प्रश्नात आहे. ६०० एकरांची सलग मोकळी होणारी जमीन दाट वस्तीच्या बेटावर पुन्हा मिळण्याजोगी नव्हती. उद्याने, घरे, रस्ते व रोजगार यांची एकत्र आखणी करण्याची ती संधी होती. ही जमीन उद्योगासाठी राखली गेली होती आणि तिचे मोल शहराने व कामगारांनी मिळून वाढविले होते. उद्योग संपल्यावर वाढलेले मोल कोणाचे, या प्रश्नास १९९१ च्या नियमाने तीन वाटेकरी मानून उत्तर दिले व २००१ च्या दुरुस्तीने प्रामुख्याने एक. सज्ज्यावर वाळत घातलेले कपडे आणि त्यामागे काचेचे मनोरे, हे गिरणगावाचे आजचे दृश्य या दोन उत्तरांमधील अंतर दाखविते. गोदी, रेल्वे व मिठागरे यांच्या मुंबईतील जमिनींबाबत हाच प्रश्न पुन्हा उपस्थित होत असल्याने गिरणगावाचा अनुभव शहराच्या पुढील नियोजनासही मार्गदर्शक ठरणारा आहे.